दोन स्तंभांमधली मोकळी जागा

स्तंभालेख काढताना दोन स्तंभांमध्ये सारखं अंतर सोडायचं आणि आयतालेखात आयत एकमेकांना चिकटून काढायचे, हा नियम शाळेत जवळपास प्रत्येकाच्या वहीत असतो. पाठही असतो. पण असं का, म्हणून विचारलं की 'पद्धतच तशी आहे' यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. कारण कळलं, तर कोणत्या माहितीसाठी कोणता आलेख काढायचा हा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

४० विद्यार्थ्यांची एक तुकडी घ्या. ते शाळेत कसे येतात, ते मोजलं: पायी १६, सायकलने १२, बसने ९ आणि इतर मार्गांनी ३. आडव्या अक्षावर 'पायी' आणि 'सायकल' शेजारी लिहिले, तरी त्या दोन शब्दांच्या मधे काही नाही. अर्धा पायी आणि अर्धा सायकलवर असा कुठला बिंदू त्या अक्षावर नसतो. क्रम बदलून बस आधी घेतली, तरी माहिती तीच राहते. हे गट सुटे आहेत, आणि मोकळी जागा तेच सांगते.

आता त्याच विद्यार्थ्यांची उंची सेंटिमीटरमध्ये मोजली: १३५–१४० मध्ये ४, १४०–१४५ मध्ये ९, १४५–१५० मध्ये १४, १५०–१५५ मध्ये ८ आणि १५५–१६० मध्ये ५. इथला आडवा अक्ष म्हणजे संख्यारेषेचाच एक तुकडा. १४४.९ आणि १४५.१ यांच्यामध्ये खंड नाही, त्यामुळे आयतांमध्येही नाही. क्रमही बदलता येत नाही. आयतालेखात मधेच जागा रिकामी दिसली, तर तिला स्वतंत्र अर्थ असतो: त्या वर्गाची (१४०–१४५ सारख्या गटाची) वारंवारता, म्हणजे त्यात मोजलेल्यांची संख्या, शून्य आहे. शोभेसाठी अंतर सोडलं, तर वाचणारा नेमका हाच चुकीचा अर्थ घेईल.

माहिती कशी आहे यावरून आलेख ठरतो, हे स्तंभालेखाच्या जन्मातच दिसतं. स्कॉटिश अभियंते विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ साली आयात-निर्यातीचे आलेख छापले, त्यांतले बहुतेक काळानुसार बदल दाखवणारे रेषालेख होते. स्कॉटलंडसाठी मात्र त्यांच्या हाती एकाच वर्षाचे आकडे होते, १७ देशांशी झालेल्या व्यापाराचे. एका वर्षाच्या आकड्यांतून रेषा कशी काढणार? म्हणून त्यांनी प्रत्येक देशासाठी आयात आणि निर्यात यांच्या आडव्या पट्ट्या काढल्या. १८०१ मध्ये त्यांनीच वृत्तालेखही, म्हणजे वर्तुळाच्या पाकळ्या करून काढलेला आलेख, वापरला.

आयतालेखाकडे परत येऊ, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पहिला घोटाळा सीमेवरच्या संख्येचा. उंची बरोबर १४५ असेल, तर ती १४०–१४५ मध्ये धरायची की १४५–१५० मध्ये? रीत अशी की वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, म्हणून १४५ पुढच्या वर्गात जाते. हे ताळ्याच्या खुणा करण्याआधी ठरवलं नाही, तर एखादा विद्यार्थी दोनदा मोजला जातो किंवा अजिबात मोजला जात नाही. वारंवारतांची बेरीज ४० येते का, हे पाहिल्याशिवाय आलेख कागदाला हात लावू नये.

वर्ग १०–१९, २०–२९ असे दिलेले असतील, तर ते सलग करून घ्यावे लागतात. १९ आणि २० यांतल्या फरकाचा निम्मा, म्हणजे ०.५, खालच्या मर्यादेतून वजा करायचा आणि वरच्या मर्यादेत मिळवायचा. वर्ग ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे होतात. जवळच्या पूर्णांकात मोजलेल्या वजनासाठी हे अगदी योग्य आहे, कारण १९.४ किलोची नोंद १९ अशीच झालेली असते. वयाच्या बाबतीत मात्र जरा थांबा. १९ वर्षं ११ महिन्यांचा माणूस स्वतःचं वय १९ च सांगतो. म्हणजे '१०–१९ वर्षं' हा गट प्रत्यक्षात १० पासून २० पूर्ण होईपर्यंतचा आहे, आणि त्याच्या खऱ्या मर्यादा १०–२०. इथे यांत्रिकपणे ०.५ वजा केला, तर सगळा आलेख अर्धा वर्ष डावीकडे सरकतो. परीक्षेत सहसा सांगितलेल्या रीतीने ०.५ चीच दुरुस्ती अपेक्षित असते आणि तिथे तीच करावी. पण खरी माहिती हाताळताना मोजमाप कसं झालं, हे आधी विचारायला हवं.

दुसरा घोटाळा असमान वर्गांचा. उंचीच्या त्या माहितीतले शेवटचे दोन वर्ग एकत्र करून १५०–१६० असा एकच वर्ग केला, तर त्याची वारंवारता ८ + ५ = १३. आता १३ उंचीचा आणि दुप्पट रुंदीचा आयत काढून पाहा. शेजारी १४ उंचीचा अरुंद आयत आहे. उंच मुलं तुकडीत भरपूर आहेत असंच डोळा म्हणेल, कारण डोळा क्षेत्रफळ बघतो आणि ते २६ विद्यार्थ्यांएवढं झालेलं असतं. आयतालेखात वारंवारता क्षेत्रफळाने दाखवायची असते. वर्ग सारख्या रुंदीचे असतात तेव्हा उंची आणि क्षेत्रफळ एकाच प्रमाणात राहतात, एवढ्यासाठीच आपण उंचीवर काम भागवतो. रुंदी वेगळी असेल, तर कमीत कमी वर्गांतराला (वर्गाच्या रुंदीला) त्या वर्गाच्या वर्गांतराने भागून वारंवारतेने गुणायचं: ५ ÷ १० × १३ = ६.५. आयताची उंची ६.५ घेतली की चित्र पुन्हा खरं बोलू लागतं.

वर्गांची रुंदी किती घ्यावी? १ सेंमीचे वर्ग केले तर ४० विद्यार्थी पंचवीस वर्गांत विखुरतात आणि आलेख तुटक्या दातांच्या कंगव्यासारखा दिसतो. १० सेंमीचे केले तर १३५–१४५ मध्ये १३, १४५–१५५ मध्ये २२ आणि १५५–१६५ मध्ये ५ असे तीनच आयत उरतात, आणि सर्वांत जास्त विद्यार्थी १४५–१५० मध्ये आहेत ही गोष्ट पुसली जाते. शाळेतल्या माहितीला पाच ते दहा वर्ग बहुधा पुरतात.

वारंवारता बहुभुज म्हणजे प्रत्येक वर्गाच्या वारंवारतेचे बिंदू रेषेने जोडून होणारी आकृती. तो काढताना बिंदू वर्गमध्यावर येतो: १३७.५, १४२.५ असे. वरच्या मर्यादेवर बिंदू घेणं ही नेहमीची चूक आहे, कारण ती रीत संचित वारंवारतेच्या (तोपर्यंतच्या वारंवारतांच्या बेरजेच्या) वक्राची. दोन्ही टोकांना शून्य वारंवारतेचे वर्ग जोडायचे, म्हणजे १३२.५ आणि १६२.५ या वर्गमध्यांवर रेषा आडव्या अक्षाला टेकते. तसं केलं की बहुभुजाचं क्षेत्रफळ आयतालेखाएवढंच भरतं. कोपऱ्यात कापलेले त्रिकोण शेजारी तेवढेच मिळतात. दोन तुकड्यांची उंची एकाच कागदावर ताडून पाहायची असेल, तर बहुभुजच काढावा. एकावर एक काढलेले दोन आयतालेख वाचता येत नाहीत.

रेषालेख काळासाठी. त्यातली एक चूक मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. एका रोपाची उंची सुरुवातीला (दिवस ०) २ सेंमी, दुसऱ्या दिवशी ५, चौथ्या दिवशी ८ आणि अकराव्या दिवशी १२ सेंमी नोंदवली. सारणीत चार ओळी आहेत म्हणून आडव्या अक्षावर चार खुणा सारख्या अंतरावर केल्या, तर रेषा आधी ३, मग ३, मग ४ ने चढते. वाढीचा वेग शेवटी वाढला असं वाटतं. प्रत्यक्षात पहिले चार दिवस रोप रोज १.५ सेंमी वाढत होतं आणि नंतरच्या सात दिवसांत मिळून ४ सेंमी वाढलं, म्हणजे रोज ०.६ सेंमीच्याही आत. आकडे सगळे बरोबर आहेत, बिंदूंची उंची बरोबर आहे, तरी आलेख उलटं सांगतो. दिवस ०, २, ४, ११ ही त्यांच्या त्यांच्या जागीच लिहायला हवीत.

उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासून करायची का, याचं उत्तर आलेखागणिक बदलतं. स्तंभालेखात हो, नेहमी. ४८, ५० आणि ५२ या संख्या ४६ पासून सुरू होणाऱ्या अक्षावर काढल्या, तर स्तंभांची उंची २, ४ आणि ६ भरते. तिसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट दिसतो, खरा फरक साधारण ८ टक्क्यांचा असताना. रेषालेखात आपण चढउतार वाचतो, म्हणून शून्य सोडता येतं आणि कधी कधी सोडावंच लागतं: ३७.०, ३८.२, ३९.१ अंश सेल्सिअस हा ताप शून्यापासूनच्या अक्षावर काढला, तर जवळपास सपाट रेषा दिसेल. आडव्या अक्षावर १३५ पासून सुरुवात करताना अक्षसंकोच चिन्ह, म्हणजे अक्षाचा मधला भाग गाळल्याची नागमोडी खूण, काढतात, तसं इथे उभ्या अक्षावर काढायचं.

प्रमाण ठरवायला एक सोपी रीत आहे. सर्वांत मोठी संख्या ४३० आणि उपलब्ध उंची १५ सेंमी असेल, तर ४३० ÷ १५ म्हणजे सुमारे २८.७. त्यापुढची सोयीची संख्या घ्यायची: १ सेंमी = ५० एकक. स्तंभ ८.६ सेंमीचा होतो आणि १ मिलिमीटर म्हणजे ५ एकक. १ सेंमी = ३० घेतल्यास कागद जास्त भरतो हे खरं, पण मग प्रत्येक मिलिमीटर ३ एककांचा होतो आणि ५० किंवा १०० साठी बिंदू रेघांच्या मधे अंदाजाने टाकावा लागतो. १, २, ५ आणि त्यांच्या दहापटी वापराव्यात.

वृत्तालेखाला एक अट आहे: भाग मिळून एक पूर्ण व्हायला हवं आणि कोणीही दोन भागांत असता कामा नये. ४० जणांना आवडते खेळ विचारले आणि अनेकांनी दोन-दोन सांगितल्यामुळे बेरीज ५८ झाली, तर वृत्तालेख निघत नाही, स्तंभालेख काढावा. शाळेत कसे येतात या उदाहरणात प्रत्येक विद्यार्थ्याला ३६० ÷ ४० = ९ अंश, म्हणून केंद्रीय कोन १४४, १०८, ८१ आणि २७. प्रत्येक पाकळी आधीच्या रेषेपासून मोजत गेलं की कोनमापकाची अर्ध्या-एक अंशाची चूक पुढेपुढे साठते आणि शेवटची पाकळी फसते. त्याऐवजी एकाच त्रिज्येपासून १४४, २५२, ३३३ असे बेरजेचे कोन मोजावेत. २५२ साठी उलट्या बाजूने १०८, ३३३ साठी २७.

कोन पूर्णांकात घेतल्यावर बेरीज ३६० येईलच असं नाही. ३२ जणांचे १७, ९, ५ आणि १ असे गट असतील, तर कोन १९१.२५, १०१.२५, ५६.२५ आणि ११.२५ येतात, आणि पूर्णांकात घेतले की बेरीज ३५९. उरलेला अंश सर्वांत मोठ्या पाकळीत घालावा. तिथे तो जाणवत नाही. ११ अंशांच्या पाकळीत घातला तर जाणवतो.

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली माणसं आलेख किती अचूक वाचतात, याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच पट्टीवरच्या जागा लोक सर्वांत नेमक्या ताडतात, कोन आणि क्षेत्रफळ यांत जास्त चुकतात. २३ आणि २६ टक्क्यांच्या पाकळ्यांतली मोठी कोणती, हे आकडा वाचल्याशिवाय कळत नाही. स्तंभांत लगेच कळतं. चित्रालेखातही क्षेत्रफळाचा हाच सापळा आहे. दुप्पट संख्येसाठी दुप्पट उंचीचं चित्र काढलं की रुंदीही दुप्पट होते आणि डोळ्याला चौपट दिसतं. चित्रं एकाच मापाची ठेवून त्यांची संख्या वाढवावी.

जोडस्तंभालेख (दोन गटांचे स्तंभ शेजारीशेजारी) की शतमान स्तंभालेख (प्रत्येक स्तंभ १०० टक्क्यांचा), हे विचारलेल्या प्रश्नावर ठरतं. दुसऱ्या तुकडीत २५ विद्यार्थी आहेत आणि त्यांतले १५ पायी येतात. जोडस्तंभालेखात पहिल्या तुकडीतल्या पायी येणाऱ्यांचा १६ चा आणि हा १५ चा स्तंभ जवळजवळ सारखे. शतमान स्तंभालेखात ४० टक्के आणि ६० टक्के. रस्ता ओलांडताना सोबतीला मोठी माणसं किती लागतील हे ठरवायचं असेल, तर पहिला आलेख कामाचा. कोणत्या तुकडीत पायी येण्याचं प्रमाण अधिक आहे, हे हवं असेल तर दुसरा. विभाजित (भाग एकावर एक रचलेल्या) आणि शतमान स्तंभांत सर्वांत खालचा भाग तेवढा एकाच पायावर उभा असतो, वरचे भाग तरंगते असतात. ज्या घटकाची तुलना महत्त्वाची, तो तळाला ठेवावा.

शेवटी वाचनाचा एक प्रश्न. उंचीच्या त्या आयतालेखावरून १४७ सेंमीपेक्षा उंच विद्यार्थी किती? १५० च्या पुढचे १३ नक्की. १४५–१५० मध्ये १४ आहेत आणि ते वर्गात सारखे पसरले आहेत असं मानलं, तर ३/५ × १४ = ८.४, म्हणून उत्तर सुमारे २१. 'मानलं तर' हे शब्द उत्तरपत्रिकेतही लिहावेत. ते चौदाही जण १४६ सेंमीचे असू शकतात किंवा १४९ चे. वर्ग पाडताना प्रत्येकाची उंची आपण स्वतःच सोडून दिली. आलेखावरून खात्रीने एवढंच सांगता येतं की ते १३ पेक्षा कमी नाहीत आणि २७ पेक्षा जास्त नाहीत.