सह्याद्रीतील पर्जन्यछाया व सजीवांचे वितरण

डोंगररांगेमुळे पाऊस एका बाजूला अडून दुसऱ्या बाजूला जो कोरडा पट्टा तयार होतो, त्यास पर्जन्यछाया म्हणतात. कोणती जाती कुठे तगेल हे हवामान कसे ठरवते, याचे सातारा जिल्ह्याइतके सोयीचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. पूर्वेकडे उतरताना ते तापून कोरडे होतात. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिमी पाऊस पडतो. जेमतेम वीस किमीवरच्या पाचगणीत साधारण त्याचा तिसरा हिस्सा, पसरणी घाट उतरून वाईत आले की हजाराच्या आत, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० मिमीच्या आसपास.

हा उतार झाडांवरून वाचता येतो. माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांचे बुटके, वाऱ्याने पिळवटलेले सदाहरित रान. खाली पानझडी झाडोरा. माणदेशात हिवर, बोर, बाभूळ आणि कुसळीचे माळ. प्राणीही तसेच वाटले गेले आहेत. शेकरू फांदीवरून फांदीवर जाते, सहसा जमिनीवर उतरत नाही. एकमेकांत गुंतलेले शेंडे त्याला लागतात. त्याच्यासाठी भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. उलट काळविटाला दूरवर दिसेल आणि धावता येईल असे उघडे माळरान हवे. तेथे दाट झाडी लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे, पण गवताळ माळाला ‘पडीक’ म्हणण्याची सरकारी सवय जुनी आहे.

पावसाचा नुसता आकडा मात्र फसवतो. केरळच्या दक्षिण टोकाकडील घाटात अनेक ठिकाणी महाबळेश्वरपेक्षा बराच कमी पाऊस पडूनही जंगल अधिक उंच आणि प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच भागात सापडणाऱ्या, जातींनी अधिक समृद्ध आहे. तेथे पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, कोरडे महिने दोन-तीनच. महाराष्ट्रात चार महिन्यांत सगळा पाऊस संपतो आणि पुढचे सात-आठ महिने झाडाला साठ्यावर काढावे लागतात. पश्चिम घाटात उत्तरेकडे येताना अनेक जाती एकेक करून मागे राहतात, त्याचे मोठे कारण हेच. बाराही महिने रानात फळे शोधणारे सिंहपुच्छ माकड कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील अघनाशिनी नदीच्या खोऱ्यापर्यंत येते, महाराष्ट्रात येत नाही.

पाऊस तोच असूनही जमीन बदलली की वस्ती बदलते. जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, याची साक्ष देतात. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, उन्हाळ्यात दगड तव्यासारखा तापतो, माती बोटभर. झाडाला मूळ धरता येत नाही, म्हणून हे राज्य अल्पायुषी फुलांचे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर वायतुरा हा जमिनीखालच्या कंदावर उन्हाळा काढतो. सीतेची आसवे व दवबिंदू या वनस्पती कीटक पकडतात, कारण धुऊन निघालेल्या मातीत नत्र फारसे उरत नाही. पर्यटक ज्या निळ्याजांभळ्या गालिच्याचे फोटो काढतात, त्याचा बराचसा भाग असा शिकारी असतो. २००९ मध्ये नव्याने वर्णन झालेला आंबोलीचा भेक सड्यावरच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो. पावसाने मध्येच उघडीप दिली आणि डबके आटले, तर ती वीण वाया जाते.

माणसाने पाळलेली जनावरेही या रेषेला चुकलेली नाहीत. अकोले-इगतपुरीच्या धो धो पावसात डांगी गुरे टिकतात: त्यांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो आणि पाणी अंगावर ठरत नाही. माणदेशाच्या कोरड्या माळावर मात्र खिल्लार, हलक्या अंगाचे, काटक आणि चपळ.