‘आरव’ : गलक्याचा शब्द ‘शांत’ कसा झाला

ठाणे-नवी मुंबईत 2010 नंतर जन्मलेल्या मुलांच्या बालवाडीची हजेरी ऐकली तर आरव किमान एकदा येतोच. मोठ्या शाळेत आडनावाचे पहिले अक्षर लावून बाईंना आरव वेगळे काढावे लागतात. घोडबंदर रस्त्यावरची संकुले, ऐरोली-घणसोली, खारघर, नौपाड्यात चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, सगळीकडे हे नाव सारखेच रुजले आहे. अद्वैत, विहान, रेयांश ही त्याच्या बरोबरीची नावे. बारशाला पाळण्यामागे जो फलक लावतात त्यावर हल्ली नावाखाली अर्थही लिहिलेला असतो, आणि आरवखाली बहुतेक वेळा असते ‘शांत, शांतिप्रिय’. पाहुण्यांत संस्कृत शिकवलेल्या एखाद्या मावशी असल्या की कुजबुज सुरू होते.

कारण कोशात नेमके उलटे आहे. अमरकोश या संस्कृत समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशाच्या पहिल्या कांडात शब्दादिवर्ग आहे. तिथे आवाजाच्या पर्यायांची यादी देताना ‘आरवारावसंरावविरावाः’ असा चरण येतो. म्हणजे आरव, आराव, संराव, विराव हे सगळे आवाजाचेच शब्द. मूळ धातू ‘रु’, अर्थ आवाज करणे. त्यातूनच रव आला, कलरव आला. पाणिनीने तर या शब्दाची स्वतंत्र सोय करून ठेवली आहे. ‘रु’ला उपसर्ग लागला की दीर्घ रूप व्हायचे, संराव, विराव असे, पण ‘आ’ या उपसर्गापुरती सूट देणारे सूत्र त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, ‘विभाषाऽऽङि रुप्लुवोः’. त्यामुळे आराव आणि आरव दोन्ही चालतात. घोडबंदर रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाच्या नावामागे अष्टाध्यायीतले एक अख्खे सूत्र उभे आहे, आणि ते शांततेविषयी काहीच म्हणत नाही.

मराठी माणसाला त्यासाठी कोश उघडायचीही गरज नव्हती. कोंबडा आरवतो. आरवणे हे क्रियापद याच ‘आरव’वरून आले, आणि गावाकडच्या आजीला नातवाचे नाव पहिल्यांदा ऐकून कोंबडाच आठवला तर तिचे काही चुकत नाही. चुलत्या-मावश्यांनी हसू नये म्हणून ‘शांत’ हा अर्थ बऱ्याच घरांत घट्ट धरला गेला, असा माझा अंदाज आहे. गंमत अशी की विहान म्हणजे पहाट म्हणून हौसेने ठेवतात, पण पहाट झाल्याचे सांगणारा आवाज मात्र नको असतो.

‘शांत’ कुठून आले असावे, याचा माग काढता येतो. ‘अरव’ असा ऱ्हस्व अ-ने सुरू होणारा शब्द केला तर ‘ज्याचा आवाज नाही तो’ असा अर्थ व्याकरणात बसतो. नकाराचा ‘अ’ ऱ्हस्वच राहतो, स्वरापुढे फार तर ‘अन्’ होतो. तो ‘आ’ होत नाही. देवनागरीत अरव आणि आरव यांत एका कान्याचा फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. रोमन लिपीत एकच ए लिहिला की तो फरक पुसला जातो. नावांच्या इंग्रजी याद्या अशाच रोमन लिपीतून तयार झाल्या, एकीवरून दुसरी उतरवली गेली, आणि अरवचा अर्थ आरवला चिकटला. पुढे नावात दोन ए लिहायची पद्धत आली. उच्चार त्यामुळे नक्की झाला, अर्थ मात्र जुन्या यादीतलाच राहिला. काही याद्या ‘सुमधुर नाद’ असेही सांगतात. त्यातला नाद बरोबर आहे, सुमधुर हे पदरचे. आरव शंखाचा असतो तसा कोल्ह्यांचाही असतो.

यावर एक प्रतिवाद नेहमी होतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ‘नीरव शांतता’ आपण रोज म्हणतो. नीरवमध्ये नि दीर्घ होतो, मग आरवमध्ये अ दीर्घ होऊन नकाराचा अर्थ का राहू नये? उत्तर संधीच्या नियमात आहे. नीरव हा ‘निर्’ अधिक ‘रव’ आहे. दोन र समोरासमोर आले की पहिला गळतो, आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो. ‘अ’ अधिक ‘रव’ यात काही गळतच नाही, तेव्हा भरपाईचा प्रश्न येत नाही. शांतताच हवी असेल तर नीरव हे नाव तयार आहे, आणि ते निर्विवाद आहे.

दुसरा बचाव अधिक खोल जातो. नावाला अर्थ असलाच पाहिजे असे संस्कृत व्याकरण म्हणत नाही. पाणिनीच्या सूत्रांवरच्या पतंजलीच्या महाभाष्यात शब्दांचे चार प्रकार येतात. त्यांत जाती, गुण, क्रिया यांच्या शब्दांबरोबर यदृच्छाशब्द हा चौथा प्रकार आहे, म्हणजे कुणी तरी इच्छेने ठेवलेले नुसते नाव. वैयाकरणांचे ठरलेले उदाहरण डित्थ हे आहे. त्या शब्दाला काही अर्थ नाही. हा आधार घेतला तर रेयांशवर नाक मुरडणाऱ्यांनाही जरा थांबावे लागेल. किरण या अर्थाचा ‘रे’ इंग्रजीतला, त्याला संस्कृत ‘अंश’ जोडलेला, असे हे जोडकाम दिसते. पण यदृच्छा म्हणून ते चालून जाते. फक्त मग त्याला संस्कृत म्हणून मिरवू नये.

त्याच महाभाष्याच्या सुरुवातीला, व्याकरण का शिकावे हे सांगताना, मुलाचे नाव कसे असावे याचे एक जुने वचन उद्धृत केले आहे. जन्माच्या दहाव्या दिवसानंतर नाव ठेवावे, ते दोन किंवा चार अक्षरी असावे, तीन पिढ्यांच्या पूर्वजांना धरून असावे, कृदन्त (धातूपासून बनलेले) असावे, तद्धित (दुसऱ्या नामापासून बनलेले) नसावे आणि ‘अवृद्ध’ असावे. अवृद्ध म्हणजे पहिला स्वर आ, ऐ, औ यांपैकी नको. आश्वलायन गृह्यसूत्रही मुलांना सम आणि मुलींना विषम अक्षरसंख्येची नावे सांगते. या कसोट्यांवर आरव कृदन्त म्हणून एके ठिकाणी पास होतो आणि बाकी सगळीकडे नापास. सुरुवातच आ-ने, अक्षरे तीन, पूर्वजांत कुणाचे हे नाव असण्याची शक्यता नाही. अक्षरांबाबत वाद घालता येईल: मराठी तोंडात शेवटचा अ उच्चारला जात नाही, आ-रव् असे दोनच ठोके पडतात. लिहिताना तीन आणि बोलताना दोन, यांतले कुठले मोजायचे हे ज्याने त्याने ठरवावे. ‘अवृद्ध’ची अट तर राम या नावानेही मोडते, तेव्हा ती कुणी किती पाळली हे उघड आहे.

या जुन्या नियमांचा दुसरा चेहराही सांगायला हवा. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे वर्णवार वाटून दिली आहेत: ब्राह्मणाचे मंगल, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे. कुणीही कोशातून हवा तो शब्द उचलून मुलाला द्यावा, ही मोकळीक त्या व्यवस्थेत नव्हती. जुन्या ठाणे जिल्ह्यात नावावरून घर ओळखता यायचे. पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला, त्याआधीच्या त्या मोठ्या जिल्ह्यात आदिवासी पाड्यांवर जन्मवारावरून सोम्या, बुध्या, शुक्र्या अशी नावे होती. मुले जगत नसलेल्या घरांत धोंडू, दगडू, भिकू. आजोबांचे नाव नातवाला ठेवले तर सुनेला सासऱ्याचे नाव घेता येत नसे, म्हणून हाक मारायला बाळ, नाना, अण्णा. 1956 नंतर बौद्ध झालेल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, गौतम आले. आरव यांतल्या कुठल्याच खणात बसत नाही. तो देवाचा नाही, कुळाचा नाही, जातीचा नाही, आणि माझ्या मते त्याच्या यशाचे मोठे कारण हेच आहे.

बाकीची कारणे सोपी आहेत. 2002 मध्ये एका हिंदी चित्रपट-नटाच्या मुलाचे हे नाव ठेवले गेले आणि ते घराघरांत पोचले. जोडाक्षर नाही, ळ नाही, ण नाही. वाशीच्या मराठी-गुजराती किंवा नेरुळच्या मराठी-तमिळ जोडप्याच्या दोन्ही आज्यांना ते म्हणता येते, आणि परदेशातल्या कचेरीतही फारसे मोडत नाही. शिवाय पटावर अगदी वर येते, जे काही पालकांना अजून महत्त्वाचे वाटते.

राशीवरून हे नाव निघते असे म्हणणाऱ्यांनी मात्र हिशेब करून पाहावा. सत्तावीस नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणे धरून एकूण 108 होतात आणि अ हे आद्याक्षर त्यांतल्या एकाच चरणाला येते, कृत्तिकेच्या पहिल्या. वर्गात अ-आची एवढी मुले आहेत ती सगळी मेषेच्या शेवटच्या टोकावर जन्मलेली नाहीत. राशीचे नाव पत्रिकेत राहते आणि आत्या कानात सांगते ते वेगळे असते, ही तडजोड जुनीच आहे.

अलीकडे वादाची जागा कोशातून कागदपत्रांकडे सरकली आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, तोवर नाव ठरलेले नसते, म्हणून पहिला दाखला अनेकदा बिननावाचा निघतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली नाव नंतर घालता येते: नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत शुल्क नाही, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. ही सवड पूर्वी निवांत वापरली जाई आणि शाळाप्रवेशाच्या वेळी नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीशी गर्दी होई. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावाचा क्रमही बदलला: मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. नाव लांबले, पहिला शब्द आखूड हवा असे वाटणारे पालक वाढले, आणि आरवसारख्या नावांना आणखी एक कारण मिळाले. दाखल्यावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नोंदी असल्याने एक ए की दोन हे तिथेच ठरते. पुढे बदलायचे तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते, आणि आधार, बँक, शाळा सगळीकडे तेच अक्षर जुळवत फिरावे लागते.