बोटातल्या थेंबात न दिसणारा हिवताप

हिवतापाच्या रुग्णाच्या बोटाचा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींची गर्दी दिसते. त्यातल्या एखादीत बारीकसं निळं कडं असतं आणि त्यावर जांभळट ठिपका. थेट खड्याची अंगठी. हा प्लास्मोडियम फॅल्सिपेरम, हिवताप आणणारा परजीवी, नुकताच आत शिरलेला.

तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची आणि हा जेमतेम दीडचा. तो पेशीला कसाही भिडतो, मग वळून आपलं निमुळतं टोक तिला टेकवतो. पुढचा भाग मला फार विलक्षण वाटतो. तो एक प्रथिन पेशीच्या पडद्यात खोचतो आणि अंगावरच्या दुसऱ्या प्रथिनाने तेच घट्ट पकडतो. खुंटी त्यानेच ठोकायची, आणि तिलाच धरून आत सरकायचं! त्यासाठीचा जोर अ‍ॅक्टिन आणि मायोसिन देतात, आपल्या स्नायूंतही हीच जोडी असते. पडदा फाटत नाही. तो आत दबत जाऊन परजीवीभोवती पिशवी होतो. एवढं सगळं साधारण मिनिटभरात उरकतं.

तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. त्यामुळे आत कोणी शिरलंय, हे ती संरक्षक पेशींना इतर पेशींसारखं कळवू शकत नाही. लपायला जागा उत्तम, खायला हिमोग्लोबिन. पण ते पचवताना उरणारं हीम, म्हणजे त्यातला लोहाचा भाग, त्याला विषारी असतं. म्हणून तो त्याचे तपकिरी स्फटिक करून ठेवतो. क्लोरोक्विन हे हिवतापावरचं औषध हेच स्फटिक होऊ देत नाही. 1880 साली अल्जेरियात लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरांना रुग्णाच्या रक्तात हे परजीवी दिसले, ते असेच रंगकण पोटात घेतलेले.

सुमारे 48 तासांत एकाचे सोळा ते बत्तीस होतात, पेशी फुटते आणि हुडहुडी भरते.

मात्र फुटण्याआधी, वाढीच्या उत्तरार्धात, तो पेशीच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उठवतो. त्यांवरच्या चिकट प्रथिनामुळे पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते, कधी मेंदूतल्यासुद्धा. प्लीहेच्या गाळणीतून ती अशी वाचते. म्हणून बोटाच्या रक्तात बहुधा कोवळ्या अंगठ्याच सापडतात. पट्टीवर दोन-चार दिसल्या तरी आत किती दडलेत, ते त्यावरून कळत नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या जातीचा हिवताप जुनाच आहे. तिथे पहिली पट्टी कोरी आली आणि ताप उतरत नसेल, तर काही तासांनी बोट पुन्हा टोचायलाच हवं.