ग्लायडरमधील बॅटरी-निरीक्षण

ग्लायडर हे बिनइंजिनाचे विमान. त्यामुळे उड्डाण चालू असताना वीज तयार करणारा अल्टरनेटर त्यात नसतो. रेडिओ, इलेक्ट्रॉनिक व्हेरिओमीटर (चढ-उताराचा वेग दाखवणारे उपकरण), टक्करसूचक फ्लार्म, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण) आणि नकाशाचा संगणक हे सारे जमिनीवर चार्ज करून आणलेल्या बॅटरीवर चालते. बॅटरी किती भरली आहे हा झाला चार्ज, आणि तिच्यात मुळात किती मावते ही झाली क्षमता. घोटाळा होतो तो या दोन्हींत गल्लत केल्याने. जुनी बॅटरी शंभर टक्के भरलेली असू शकते, पण मावण्याची जागाच निम्मी उरलेली असते.

१२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची (एक अँपिअर प्रवाह एक तास दिला की एक अँपिअर-तास) सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी ग्लायडरमध्ये दीर्घकाळ वापरात आहे. पूर्ण चार्ज करून काही तास विसावू दिली की ती साधारण १२.८ व्होल्ट दाखवते, १२.१ च्या आसपास निम्मी संपलेली असते. मात्र हा आकडा विसावलेल्या बॅटरीचा. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी जास्त दाखवते, भार चालू असताना कमी. वायर बारीक किंवा कनेक्टर गंजलेला असेल तर पॅनेलवरचे व्होल्टेज बॅटरीच्या टोकांवरील व्होल्टेजपेक्षाही खाली असते. म्हणून उड्डाणापूर्वी सर्व उपकरणे चालू करून, रेडिओचे बोलण्याचे बटण दाबून व्होल्टमीटरचा काटा पाहावा. ऐकताना रेडिओला फार थोडा प्रवाह लागतो, बोलताना कित्येक पट. दमलेली बॅटरी ऐकू येईपर्यंत साथ देते आणि वैमानिक बोलू लागताच पडदे विझतात.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत व्होल्टमीटरचा भरवसा आणखी कमी. चार सेलची ही बॅटरी बहुतेक काळ १३ व्होल्टच्या आसपास राहते आणि शेवटी एकदम कोसळते. तिच्यासाठी शंटमधून (प्रवाह मोजण्यासाठी वायरीच्या वाटेत बसवलेला अगदी लहान रोध) जाणारा प्रवाह सतत मोजून खर्च झालेले अँपिअर-तास बेरजेत धरणारे मीटर योग्य. त्यातही क्षमतेचा आकडा खरा भरावा लागतो. लेबलवरचा भरला तर जुन्या बॅटरीत मीटर खोटा दिलासा देते.

खरी क्षमता कळते ती रिकामी करून पाहिल्यावरच. पूर्ण चार्ज केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीला १२ व्होल्टचा १० वॅटचा दिवा जोडावा, घड्याळ लावावे आणि व्होल्टेज १०.५ वर येताच थांबावे. दिवा सुमारे ०.८ अँपिअर घेतो. तो पाच तास चालला तर बॅटरीची क्षमता ७ वरून सुमारे ४ अँपिअर-तासांवर आली आहे. लेबलवरचे ७ हे २० तासांच्या संथ खर्चाचे असतात, त्यामुळे नवीही या परीक्षेत थोडी कमीच भरते. चाचणीनंतर बॅटरी लगेच चार्ज करावी, कारण रिकामी पडून राहिलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे घट्ट थर धरतात. निकाल तारखेसह बॅटरीवरच लिहून ठेवण्याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही. वर्षागणिक होणारी घट त्यातून नजरेत येते.

उंचीवरील थंडीत दोन्ही प्रकारांची उपलब्ध क्षमता घटते, तेव्हा जमिनीवर पुरेसा वाटणारा हिशेब लांबच्या उड्डाणाला तोकडा पडतो. गारठलेली लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्जही करू नये. दोन बॅटऱ्या असल्यास दोन्हींची परीक्षा वेगवेगळी घ्यावी. राखीव म्हणून वर्षभर न वापरलेली दुसरी बॅटरीच बहुधा आधी दगा देते.

हवेच्या दाबावर चालणारे वेगमापक व उंचीमापक बॅटरी संपली तरी काम करतात, म्हणून ग्लायडर उडवता व उतरवता येतो. मात्र वैमानिकाचा आवाज बंद होतो, आणि फ्लार्म व ट्रान्सपॉन्डर बंद पडल्याने इतर विमानांच्या उपकरणांना तो दिसेनासा होतो.