अमेरिकेतल्या सरकारी नोकरांचा विमा आणि त्यातली ती एक ओळ

सरकारी नोकरांच्या ट्रान्सजेंडर मुलांच्या उपचारांचे पैसे विम्याने द्यायचे की नाही, हा अमेरिकेतला वाद ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आल्यावर सुरू झाला असं बरेच जण धरून चालतात, पण याची मुळं खूप जुनी आहेत. १९५९ साली तिथे केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचा कायदा झाला आणि जुलै १९६० पासून स्कीम चालू झाली. आपल्याकडच्या सीजीएचएससारखे सरकारचे स्वतःचे दवाखाने त्यात नाहीत. प्लॅन खासगी कंपन्यांचे, प्रीमियमचा मोठा वाटा सरकारचा, आणि आता ओपीएम नावाचं खातं दरवर्षी कंपन्यांना पत्र पाठवून काय कव्हर करायचं ते सांगतं. रिटायर झालेले, बायकामुलं सगळे धरून ८० लाखांच्या वर लोक यात आहेत.

या प्रत्येक प्लॅनचं एक जाडजूड ब्रोशर असतं आणि त्यातल्या सहाव्या भागात आम्ही कशाचे पैसे देणार नाही त्याची यादी असते. लिंगबदलाशी संबंधित सेवा, औषधं, साहित्य काहीच मिळणार नाही अशी एक ओळ त्या यादीत वर्षानुवर्षं होती, लहानमोठं असा भेदच नव्हता. १९८१ च्या एका सरकारी अहवालाने या शस्त्रक्रिया प्रायोगिक ठरवल्या होत्या, त्यावरून मेडिकेअरनेही, म्हणजे मुख्यतः वृद्धांच्या सरकारी विम्यानेही, दार बंद केलं होतं. मे २०१४ मध्ये मेडिकेअरची ती बंदी उठली, पुढच्याच महिन्यात ओपीएमने कंपन्यांना हवं तर ही ओळ काढा म्हणून सांगितलं आणि २०१५ च्या पत्रात तर १ जानेवारी २०१६ पासून अशी सरसकट ओळ चालणारच नाही असं ठणकावलं. हे सगळं नुसत्या पत्रांवर झालं, संसदेत मतदान वगैरे काही नाही, हे लक्षात ठेवा.

विम्यातून राजकारण करायची वाट मात्र आधीच मळलेली होती. १९८३ मध्ये संसदेने खर्चाच्या बिलात कलम घालून याच स्कीममधून गर्भपाताचं कव्हर काढलं, १९९३ ला ते परत दिलं, १९९५ ला पुन्हा काढलं. उपचार बेकायदा करायला खूप ताकद लागते, पैसे थांबवायला एक कलम पुरतं.

राज्यांतही तेच. नॉर्थ कॅरोलायनाने राज्य कर्मचाऱ्यांना हे कव्हर फक्त २०१७ पुरतं दिलं, मग राज्याचा खजिनदार बदलला आणि २०१८ ला बंद. ज्यांची मुलं ट्रान्सजेंडर आहेत असे कर्मचारी आईबापही कोर्टात गेले, २०२२ ला जिंकले, एप्रिल २०२४ मध्ये अपील कोर्टातही ८ विरुद्ध ६ असे जिंकले आणि जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेनेसीच्या अल्पवयीन मुलांवरच्या उपचारबंदीला ६ विरुद्ध ३ मतांनी मान्यता दिल्यावर त्यांचा निकालही रद्द होऊन फेरविचाराला गेला. मूल तेच, आजार तोच, आणि मधे एवढी वर्षं. त्या घरांचं काय झालं असेल या विचाराने मला खरंच अस्वस्थ व्हायला होतं.

केंद्रात पहिला खरा कायदा झाला तो सैन्यासाठी. डिसेंबर २०२४ च्या संरक्षण बिलात, वंध्यत्व येऊ शकेल असे जेंडर डिस्फोरियाचे (जन्माच्या वेळचं लिंग आणि मनातली ओळख न जुळल्याने होणाऱ्या त्रासाचे) उपचार १८ वर्षांखालच्या मुलांना सैनिकी विम्यातून मिळणार नाहीत असं कलम घुसवलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्या कलमाला उघड विरोध नोंदवला पण २३ डिसेंबरला सही केली, कारण पूर्ण बिल अडवणं परवडणारं नव्हतं. २८ जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांचा आदेश आला, त्यात मर्यादा १९ वर्षांखालची आणि नागरी कर्मचाऱ्यांचा, पोस्टवाल्यांचाही विमा. ऑगस्टमध्ये ओपीएमने २०२६ साठी वयाची अटच काढून टाकली, म्हणजे मोठ्यांचंही कव्हर गेलं. समुपदेशन राहिलं, आणि उपचार अर्धवट चालू असलेल्यांसाठी अपवादाची सोय ठेवली. गंमत नाही, पण वयाआधीच वयात येणाऱ्या मुलांना प्युबर्टी ब्लॉकर, म्हणजे वयात येणं थोपवणारी औषधं, दिली तर चालतात, ट्रान्सजेंडर मुलाला दिली की त्याच औषधांचे पैसे नाहीत.

आता ओपीएमची ओळ उद्या दुसरं सरकार आलं तर पुन्हा पत्रानेच निघू शकते. सैनिकांच्या मुलांचं तसं नाही, तिथे संसदेलाच कायदा बदलावा लागेल.