रॉसच्या आधी मॅन्सन: डासापर्यंत पोचायचा रस्ता

२० ऑगस्टला जागतिक डास दिन असतो, कारण १८९७ साली त्या दिवशी ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसला सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण डास चिरून बघ हे रॉसच्या मनात भरवलं पॅट्रिक मॅन्सनने, आणि मॅन्सनची स्वतःची सुरुवात मलेरियापासून नाही तर हत्तीरोगापासून झाली, हे फारसं कोणी सांगत नाही.

मॅन्सन स्कॉटलंडचा. १८६६ मध्ये चिनी कस्टम्स खात्याचा डॉक्टर म्हणून फॉर्मोसाला म्हणजे आताच्या तैवानला गेला, मग १८७१ पासून अमॉय बंदरात, आताचं शियामेन. तिथे हत्तीरोगाचे पेशंट चिक्कार, सुजून लोंबणारे भाग कापून काढायची ऑपरेशन्स तो करत राहायचा पण मूळ कारण हाती लागत नव्हतं. १८७५ ला सुट्टीवर लंडनला गेला तेव्हा त्याच्या वाचण्यात आलं की कलकत्त्यात टिमोथी लुईसला माणसाच्या रक्तात बारीक जंत सापडलेत.

इथून पुढचा त्याचा विचार मला फार आवडतो. हत्तीरोगाचं मूळ हे जंतच असणार असं त्याने धरलं. रक्तात या जंतांची पिल्लं इतकी प्रचंड असतात की सगळी तिथेच मोठी झाली तर माणूसच मरेल, म्हणजे वाढ बाहेर कुठेतरी होत असणार, पण ती एका पातळ पिशवीत बंद असतात, स्वतःहून कातडी फोडून बाहेर पडू शकत नाहीत, मग त्यांना बाहेर काढणारं कोणीतरी रक्त पिणारं पाहिजे, आणि ते जिथे हत्तीरोग आहे तिथे असलं पाहिजे. असं करत करत तो डासावर आला.

१८७७ मध्ये त्याने हिन लो नावाच्या आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात हे जंत होते, जाळी लावलेल्या खोलीत झोपवलं. रात्री दिवा लावून दार उघडं ठेवायचं, डास आत आले की बंद करायचं आणि सकाळी रक्त पिऊन टम्म झालेले डास पकडायचे. रोज थोडे थोडे फाडून बघितले तर जंत पिशवीतून सुटून डासाच्या छातीच्या स्नायूंत शिरलेले, आणि दिवसागणिक मोठे होत चाललेले! माणसाच्या रोगाचा परजीवी एका किड्यात वाढतो हे याआधी कोणी दाखवलंच नव्हतं.

दुसरा शोध तेवढाच भारी. दिवसरात्र दर काही तासांनी रक्त तपासल्यावर कळलं की जंत संध्याकाळनंतर रक्तात वाढतात, मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतात आणि दिवसा जवळपास गायब, म्हणजे अगदी तो डास चावायच्या वेळेला हजर! हत्तीरोगाच्या सर्व्हेत आजही रक्त रात्री घेतात ते याच्यामुळेच.

एका ठिकाणी मात्र गाडी अडली. मॅन्सनला वाटायचं की डासाची मादी एकदाच रक्त पिते, अंडी घालते आणि पाण्यात मरते, मग ते पाणी पिऊन माणसाला लागण होते. ती पुन्हा पुन्हा चावते हे तेव्हा त्याला माहीत नव्हतं आणि ही समजूत पुढे रॉसलाही महागात पडली. १८९४ मध्ये रॉस लंडनला भेटला तेव्हा मॅन्सनने त्याला मलेरियाचे परजीवी मायक्रोस्कोपखाली स्वतः दाखवले आणि मुद्दा समजावला, की रक्त शरीराबाहेर आल्यावरच या परजीवीतून शेपट्या सुटतात तर नैसर्गिकरीत्या हे डासाच्या पोटातच होत असणार. रॉस भारतात परतला, दोघांची शंभरावर पत्रं झाली, आणि डास मेलेलं पाणी लोकांना प्यायला देऊन बघण्यात त्याचा बराच काळ गेला. १८९८ ला कलकत्त्यात त्याला पक्ष्यांच्या मलेरियाचे परजीवी डासाच्या लाळग्रंथीत दिसले, तेव्हा कुठे डास चावूनच लागण होते हे पक्कं झालं. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं, आणि पुढे दोघांचं बिनसलं याचं मला खरंच वाईट वाटतं.

दरम्यान १८९९ मध्ये मॅन्सनच्या पुढाकाराने लंडन स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन सुरू झालं. १९०० साली मलेरिया झालेले डास रोमहून लंडनला मागवून त्याने स्वतःच्या मुलाला चावू दिले, मुलगा तापाने फणफणला आणि क्विनाइनने बरा झाला. त्याच वर्षी जॉर्ज लो याने ब्रिस्बेनहून आलेले डास कापून बघितले तर हत्तीरोगाचे जंत त्यांच्या सोंडेत होते, म्हणजे इथेही लागण चावण्यातूनच, पिण्याच्या पाण्यातून नाही.