नुसत्या घोकंपट्टीने कुत्रा शिकत नाही

पावलोव्हचा कुत्रा सगळ्यांना शाळेपासून माहितीये, दरवेळी घंटा वाजवून मग खायला दिलं की पुढे नुसती घंटा वाजली तरी लाळ. त्यावरून आपला पक्का समज झालाय की दोन गोष्टी वारंवार एकत्र घडल्या की प्राण्याच्या डोक्यात त्यांची जोडी बसते. हे अर्धवट आहे, आणि खरी गोष्ट याहून कितीतरी भारी आहे!

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी बघा, कुणाच्या खिशात बिस्किटाचा पुडा नुसता चुरचुरला तरी झोपलेल्या कुत्र्याचे कान ताठ होतात. आता बिस्किट मिळतं तेव्हा बुटांचे आवाज असतात, मोरही ओरडत असतात, मग त्यांना का नाही कान देत? कारण ते बिस्किट नसतानाही असतातच, त्यांच्यावरून काहीच कळत नाही.

लिऑन कामिन या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात उंदरांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. आधी आवाज आणि मग शॉक, असं करत उंदीर आवाजाला घाबरायला शिकले. मग आवाजासोबत दिवा पण लावला, शॉक तोच. असं बऱ्याचदा करून शेवटी नुसता दिवा लावला तर उंदीर जवळजवळ घाबरलेच नाहीत! जोडी तर कितीतरी वेळा लागली होती, पण शॉक येणार हे आवाजानेच सांगून टाकलेलं, दिव्याने नवीन काही सांगितलंच नाही.

१९७२ मध्ये रेस्कोर्ला आणि वॅगनर या मानसशास्त्रज्ञांनी हेच गणितात मांडलं, की शिकणं हे अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातल्या फरकाच्या प्रमाणात होतं. समजा पूर्ण अपेक्षा १०० आणि दरवेळी उरलेल्या फरकाच्या ३० टक्के शिकणं होतं, तर पहिल्यांदा ३०, मग उरलेल्या ७० चे २१, मग ४९ चे १४.७, असं कमी कमी होत जातं. आवाजानेच १०० गाठले की दिव्याच्या वाट्याला शून्य.

पुढे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या वोल्फ्राम शुल्ट्झला माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या पेशींत हाच फरक दिसला. अचानक ज्यूस मिळाला की त्या जोरात पेटतात, इशाऱ्यावरून आधीच कळलेलं असेल तर ज्यूस मिळूनही विशेष हलत नाहीत, आणि ठरलेल्या वेळी मिळालाच नाही तर नेहमीपेक्षा थंडावतात. रील्समध्ये डोपामीनला ‘आनंदाचं केमिकल’ म्हणत डिटॉक्स विकणाऱ्यांना हे कुणीतरी दाखवायला हवं.

घरी कुत्र्याला ‘बस’ शिकवत असाल तर आधी शब्द उच्चारा, मग हाताची खूण करा. खूण त्याला आधीच कळत असेल आणि दोन्ही एकदम केलंत तर शब्दाचं कामिनच्या दिव्यासारखं होतं.